रेणुके, हा पाईप कुठला?

रेणुके, आधी एक सांग. जुन्या गिरणीमागच्या वस्तीत तू जो पाईप घालून ठेवला आहेस, तो कुठला? खरंच जमिनीखाली आहे, की नुसता तुझ्या संगणकात आहे?

गेलेल्या माणसाला असलं काही कुणी विचारत नाही, एवढं मलाही कळतं. लोक फोटोला हार घालतात, डोळे पुसतात, 'लई चांगली होती हो' म्हणतात. मीही म्हणाले. तुझ्या घरी म्हणाले, ऑफिसात म्हणाले. पण घरी येऊन कणीक मळायला घेतली की डोक्यात तुझा पाईप. तुझी आठवण काढून एकदा धड रडून घ्यावं म्हटलं तर मध्येच तो आडवा येतो, आणि रडायचं राहून मी तुझ्यावर चिडते. सगळ्यांना असंच होतं का गं? की माझंच काहीतरी बिनसलंय?

पहिल्यांदा तुझ्या घरी आले होते तेव्हा तुझ्या अम्माने विचारलं होतं, तुम्ही दोघी ऑफिसात करता तरी काय? बिड्या वळता वळता विचारलं, मान वर न करता. मी सांगितलं, अम्मा, माझ्याकडे नकाशा. सोलापुरात कुठल्या रस्त्याखाली कुठला पाईप, केवढा, लोखंडी का प्लॅस्टिकचा, व्हॉल्व कुठे, सगळं मी रेघांनी काढून ठेवते. आणि रेणूकडे मॉडेल. माझ्याच रेघांमधून ती संगणकात पाणी सोडते आणि बघते, कुणाच्या नळाला किती जोरात येईल. अम्माने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तू घर बांदलीस आणि ती संसार केली." आपण दोघी इतक्या हसलो की तुला ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस तू मला 'गवंडी' म्हणायचीस.

तर गवंड्याने या वेळी नकाशा पुरा केला. नव्या वसाहतींतल्या लाईनी आल्या, बदललेले पाईप बदलले, बंद पडलेले काढून टाकले. मग नेहमीसारखं त्या नकाशावरून मॉडेल ताजं करायचं. हे काम कायम तुझं. नवा नकाशा आत घ्यायचा, जुन्याशी ताडून बघायचं, आणि मॉडेलमध्ये आहेत पण नकाशात नाहीत असे पाईप संगणक बाजूला काढून दाखवतो, त्यांचं काय करायचं ते सांगायचं. साहेब म्हणाले, "वैशाली, आता तूच बघ. दुसरं कोण आहे?" मी बसले तुझ्या खुर्चीवर. ती खुर्ची तू कशी सहन करत होतीस कुणास ठाऊक, एका बाजूला कलते.

बाजूला निघालेले बहुतेक पाईप मोडीत गेलेलेच होते. ते मी पटापट काढले. एकच उरला. टेकडीवरच्या टाकीच्या लाईनीपासून निघतो, गिरणीच्या भिंतीखालून जातो आणि मागच्या वस्तीतल्या शेवटच्या गल्लीला जाऊन मिळतो. माझ्या कुठल्याच नकाशात तो नाही. या नाही, मागच्या नाही, त्याच्या मागच्याही नाही. म्हणजे तू तो स्वतःच्या हाताने घातला आहेस. आणि शेऱ्याची जागा रिकामी! सर्व्हेवाल्यांनी एक शेरा लिहायचा सोडला तर फोनवर त्यांची बिनपाण्याने करणारी तू, आणि तुझ्याच पाईपापुढे अक्षर नाही. संगणक इंग्रजीत विचारतोय, काढू की ठेवू? मी पुन्हा पुन्हा ती खिडकी बंद करते. तो पुन्हा विचारतो.

तुला वाटेल, काय बाई ही, मी गेले आणि हिला पाईपाचं पडलंय. पण आपलं सगळं बोलणं याच्यावरूनच झालं की गं. पॉलिटेक्निकपासून आपण कधी प्रेमाने बोललोय का? तुला आठवतं, पहिल्यांदा माझा नकाशा तुझ्या मॉडेलमध्ये घेतला तो दिवस? पुलाजवळ दोन पाईप एकमेकांवरून जातात. एक वर, एक खाली, एकमेकांशी काही संबंध नाही. नकाशात नुसती फुली दिसते. तुझ्या मॉडेलने ती फुली म्हणजे जोड समजून दोन्ही पाईप एकमेकांना जोडून टाकले, आणि तुझ्या संगणकात उंचावरच्या घरांना असलं पाणी चढलं की गच्चीवर कारंजी उडावीत! तू साहेबांना आनंदाने दाखवायला गेलीस. साहेब तिथेच राहणारे. म्हणाले, "माझ्या घरी सकाळपासून थेंब नाही, आणि हे कुठलं पाणी?" तू परत आलीस ती लालबुंद होऊन. म्हणालीस, तुझ्या नकाशाला वर-खाली कळत नाही. मी म्हणाले, तुझ्या मॉडेलला अक्कल नाही. दिवसभर बोललो नाही. आणि संध्याकाळी बसस्टॉपवर तू शेंगाचटणी लावलेली भाकरी काढलीस आणि अर्धी माझ्या हातावर ठेवलीस. ठेवतानाही म्हणालीसच, "खा मेले, नकाशा काढायला ताकद लागती."

आपण दोघी एकमेकींना 'मेले' म्हणायचो. अजून तोंडात येतं. परवा तुझा मोबाईल अम्माने माझ्याकडे दिला, नंबर काढून द्यायला, आणि माझ्या तोंडून निघालं, मेले, किती मिस कॉल ठेवलेस. मग माझी मीच दचकले. अम्मा बघत होती. मी नंबर लिहीत राहिले.

ताप आलाय म्हणून तू दुपारी घरी गेलीस. डेंग्यू म्हणाले. मी म्हणाले, चला, चार दिवस ऑफिसात शांतता. पपईच्या पानांचा रस पाठवू का म्हणून मेसेज केला, तू त्यावर जीभ बाहेर काढलेलं तोंड पाठवलंस. त्यानंतर काहीच नाही. नंतर मी आले तेव्हा दवाखान्यातून तुला घरी आणलं होतं, शेजारचे माग बंद ठेवले होते आणि गल्लीत इतकी शांतता होती की मला वाटलं मी चुकीच्या गल्लीत आले. तुझ्या गल्लीत मी मागाच्या आवाजावरूनच वळत होते ना.

आणि पाणी नव्हतं, रेणुके. तुमच्याकडे पाण्याचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. तुझ्या शेवटच्या आंघोळीला घरात पाणी नव्हतं. पिंपात तळाशी थोडं, तेही गढूळ. मग शेजारची एक बाई घागर घेऊन आली. तिच्या मागून दुसरी. मग बघता बघता सगळी गल्ली. कुणी बादली, कुणी कळशी, कुणी पिण्याच्या पाण्याचा हंडा तसाच उचलून. पाण्याच्या आदल्या दिवशी कुणाच्या घरात किती पाणी असतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? सगळ्यांनी होतं-नव्हतं ते आणून तुझ्या अंगणात ओतलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? ही गल्ली कुठल्या टाकीवर आहे, हे मला आठवेना. तुला विचारावं म्हणून मी वळलेसुद्धा. नंतर मला त्याची इतकी लाज वाटली की बस.

आता पाईपाचं. मी काय केलं, तो काढून बघितला. नुसतं बघायला, जतन न करता. तर गिरणीमागच्या वस्तीत मॉडेलमध्ये पाणीच पोचेना. त्या वस्तीला पाणी देणाऱ्या जुन्या टाकीवरून येतं ते शेवटच्या गल्लीपर्यंत येता येता दमून जातं. आणि तिथल्या नळाला दाब मोजायचा गेज लावून घेतलेले आकडे सांगतात की पाणी येतं, बऱ्यापैकी येतं. तुझा पाईप परत घातला, तर मॉडेल आणि गेज अगदी गळ्यात गळे. इतकं बरोबर जुळलं की मला भीती वाटली.

कारण जुळवायचं म्हटलं तर काहीही जुळवता येतं, हे मला तूच शिकवलंस. मागच्या कामातला तो माणूस आठवतो ना, पाईप आतून किती गंजलाय त्याचे आकडे वाटेल तसे फिरवून मॉडेल गेजला जुळवायचा? तू त्याची किती टर उडवलीस. "याच्या पाईपात गंज न्हाय, जादू हाय," म्हणायचीस. मग तू स्वतः काय केलंस? आकडे जुळेनात म्हणून एक आख्खा पाईपच घातलास? तू? मला ते खरं वाटत नाही. आणि तसं नसेल तर शेरा का नाही लिहिलास? तेही मला कळत नाही.

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय," आणि स्वतःच हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "जुळतंय ना? मग ठेव की. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हणाले, साहेब, या मॉडेलवरून पाण्याच्या नव्या वेळा ठरणार आहेत. मॉडेल म्हणतंय गिरणीमागच्या वस्तीला टेकडीकडूनही पाणी मिळतं, म्हणून जुन्या टाकीचा त्यांचा वेळ कमी करून तो नव्या वसाहतींना द्यायचं चाललंय. पाईप खोटा असेल तर त्या लोकांनी काय करायचं? साहेब म्हणाले, "आणि काढलास तर आकडे जुळत नाहीत म्हणून पालिकेकडून अख्खं मॉडेल परत येईल. तिची सगळी मेहनत पाण्यात. मग सगळे म्हणतील, बाई गेली आणि घोळ घालून गेली. चालेल तुला?"

नाही चालणार. साहेबांना ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं. ठेवावा तर वस्ती तहानलेली राहील, काढावा तर तुझं नाव खराब. मी तुझ्या त्या कलत्या खुर्चीत बसून तुला शिव्या घातल्या. सगळ्या घातल्या, एकही ठेवली नाही.

आपलं शेवटचं भांडण आठवायचा मी खूप प्रयत्न करते. टपरीवर चहा घेत होतो. तू म्हणालीस, "गवंडी, जे दिसत न्हाय पण हाय, ते तू नकाशात कसं काढतीस?" मी म्हणाले, काढतच नाही. बघितल्याशिवाय, नाहीतर कागद असल्याशिवाय, मी एक रेघ ओढत नाही. तू म्हणालीस, "ते माहीत हाय गं. पण समज..." आणि साहेबांचा फोन आला. आपण उठलो. तुझा चहा अर्धा राहिला होता, तो तू उभ्यानेच एका घोटात प्यायलीस आणि तोंड भाजून घेतलंस. समज काय, रेणुके? त्या वेळी मला काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, त्या 'समज'च्या पुढेच सगळं होतं. पण तेही खरं की नाही, कोण जाणे. कदाचित तू भलतंच काही विचारणार असशील.

शेवटी मी म्हटलं, बघूनच घेऊ. पालिकेकडचे फिटर सिद्राममामा, तुला माहीतच आहेत. त्यांना विचारलं, गिरणीच्या भिंतीखालून असा पाईप जातो का हो? त्यांनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"हाय की! न्हाय कसा? माज्या सासऱ्यानं टाकल्याला हाय त्यो. सासरा फिटरच हुता माजा."

"नक्की?"

"म्याडम, तुमी निवांत ऱ्हावा. डोळं झाकून जागा दावतो."

मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे तुझी माफी मागितली मनात. सकाळी माणसं लावली, परवानगी काढली, मामांनी टाच आपटून जागा दाखवली. खणलं. एक केबल निघाली. गटाराची जुनी फुटकी नळी निघाली. कुणाची तरी चप्पल निघाली. पाईप नाही. मामा म्हणाले, "मंग पलीकडं असंल." पलीकडे खणलं. नुसता मुरूम. तिसऱ्या जागी खडक लागला. लोक जमले, एकाने विचारलं, सोनं शोधताय काय? मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "सासरा चुकला असंल." मी म्हणाले, मामा, तुमच्या सासऱ्याने पाईप टाकताना तुम्ही होतात का? "छ्या छ्या, लगीन कुटं झालतं तवा." खड्डे बुजवले. तू असतीस तर हसून हसून गिरणीच्या भिंतीला टेकून बसली असतीस. मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण लगेच गेलं.

तिथून मी सरळ तुझ्या घरी गेले. का गेले, सांगता येत नाही. भांडायलाच गेले बहुतेक. अम्मा बिड्या वळत बसली होती, पुन्हा सुरू केलंय तिने. म्हणाली, हात रिकामा राहिला की डोकं फिरतं. मी तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, लहान पोरीने चहाडी करावी तसं. अम्मा, तुमच्या रेणूने एक पाईप घातलाय, तो कुठेच नाही, आणि मला कळत नाही ती खोटं का वागली.

अम्माने सुपली बाजूला ठेवली. "गिरनीमागं? ते का? तिकडं ती जात होती की."

"कधी?"

"सुट्टीच्या दिवशी तिकडं पाणी असलं की. सकाळी सकाळी. मीटर घेऊन जायची, एका बाईच्या दारात बसायची. मी म्हणायची, सुट्टीला तरी झोप गं. तर म्हणायची, अम्मा, तिकडं पाणी येतंय आणि कुटून येतंय कळत नाही मला. सगळं करून बगितली, कळत नाही."

"असं म्हणायची?"

"लई येळा म्हणली. मी म्हणली, वैशालीला विचार की, ती नकाशावाली. तर म्हणली..." अम्मा थांबली. माझ्याकडे बघून हसली थोडं. "म्हणली, तिला कसं सांगू? तिला वाटतं मला सगळं कळतं. म्हणून तर भांडती ती माझ्याशी."

रेणुके, मी तिथे बसून रडले. धड, पोटभर रडले. तुला न्यायच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं. अम्मा पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "ऐय्यो, गप, गप," आणि मला तेवढ्यातही हे कळेना की मी कशासाठी रडतेय. तू खोटी नव्हतीस म्हणून, की तू मला सांगितलं नाहीस म्हणून? मला वाटायचं तुला सगळं कळतं, हे खरंच आहे गं. म्हणून तर मी एवढी तोंडाला तोंड द्यायची. ज्याला काही येत नाही त्याच्याशी कोण भांडत बसेल?

पाण्याच्या दिवशी मी वस्तीत गेले. शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर, रझियाभाभींचं. दार उघडलं, माझ्या मागे बघितलं आणि म्हणाल्या, "वो म्याडम नै आए क्या?" कसंबसं सांगितलं. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "अल्ला! अभी तो यहाँच बैठे थे," म्हणाल्या आणि नळाजवळच्या फरशीकडे बघत राहिल्या. "चाय बोले तो बोलते थे, भाभी, पहले पानी आने दो." मग पदराने डोळे पुसून उठल्या आणि भांडी मांडू लागल्या. पाण्याची वेळ झाली होती, त्यांना तरी बसून कसं चालेल?

सिद्राममामांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुन्या टाकीचा व्हॉल्व थोडा वेळ पूर्ण बंद ठेवायचा. सासऱ्याची भरपाई म्हणून त्यांनी मुकाट्याने ऐकलं. त्यांचा फोन आला, "बंद हाय म्याडम, पार आवळलाय." म्हणजे आता या गल्लीत पाणी यायचं कारण नाही. मी नळाकडे बघत उभी राहिले. नळ खाकरला, फुसफुसला, हवा सोडली. आणि आलं. बारीक, करंगळीएवढी धार. पण स्वच्छ, आणि थांबेना. मी मामांना परत फोन लावला. बंदच आहे, देवाशपथ बंद आहे म्हणाले. धार चालूच. मी तिच्याखाली हात धरला. गार होतं पाणी.

भाभी म्हणाल्या, "म्याडम, ये पानी कहाँ से आता?"

मी म्हणाले, "माहीत नाही भाभी."

त्या म्हणाल्या, "वो म्याडम भी यहीच बोलते थे."

म्हणजे पाणी खरं आहे आणि तुझा पाईप खोटा आहे. किंवा पाईप खरा आहे आणि जागा खोटी आहे. किंवा कुठेतरी जुना, कुणीच न मोजलेला एखादा जोड आहे, किंवा एखादा व्हॉल्व नीट बसत नाही, आणि तो ज्या दिवशी कुणी दुरुस्त करेल त्या दिवशी ही धारही जाईल. मला काहीच कळलेलं नाही. एवढंच कळलं, की तुलाही कळलं नव्हतं. कळेपर्यंत राहू दे म्हणून तू ती रेघ ओढून ठेवलीस, आणि शेऱ्यात काय लिहावं ते तुला सुचलं नाही. 'माहीत नाही' असं तू कुठे लिहिलेलं मी कधी बघितलंच नाही.

मग पालिकेत मीटिंग झाली. मोठं टेबल, बिस्किटं, पंखा कुरकुरतोय. आत जाताना साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "त्या पाईपाचं निघालंच तर सांग, ते काम ती बघत होती. गेलेल्या माणसाला कोण काय विचारतंय?" ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांना मला वाचवायचं होतं.

मी उभी राहिले आणि सांगितलं, गिरणीमागच्या वस्तीतला एक पाईप आम्ही मॉडेलमधून काढतोय. तो जमिनीत सापडला नाही. तो काढल्यावर तिथले आकडे जुळत नाहीत. तिथे कुठून तरी पाणी येतं, पण कुठून, किती आणि किती दिवस येईल, ते आम्हाला माहीत नाही. ते सापडेपर्यंत त्या वस्तीचा जुन्या टाकीचा वेळ एक मिनिटानेही कमी करू नका.

अधिकारी चष्म्यावरून बघत राहिले. "मॅडम, तुम्ही तज्ज्ञ म्हणून इथे बसता आणि माहीत नाही म्हणता?"

"हो सर."

"मग हा पाईप मॉडेलमध्ये टाकला कुणी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. नाव तोंडावर आलं होतं, रेणुके, खोटं कशाला सांगू? तुझंच आलं होतं, सवयीने. तुझं नाव घ्यायची कायमची सवय आहे मला.

मी म्हणाले, "आम्ही दोघींनी."

वेळ कमी झाला नाही. मॉडेल परत आलं, पण सगळं नाही, तेवढा वस्तीचा भाग. साहेब चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, आता बोलतात. आणि मी तुझ्या पाईपाला ती खिडकी उघडून काढून टाकलं. बोट दाबताना तोंडातून 'मेले' निघालं, ते कुणाला सांगणार नाही. तुला सांगितलं.

आता सुट्टीच्या दिवशी तिकडे पाणी असलं की मी जाते. अम्माने तुझा गेज दिलाय. या रविवारी पहिल्यांदाच लावायला घेतला. एका हाताने रबरी नळी नळावर दाबून धरायची, दुसऱ्या हाताने तिच्यावरची पट्टी आवळायची, आणि तेवढ्यात पाणी आलं तर नळी सुटू नये म्हणून आणखी एक हात हवा. माझी नळी सुटलीच. मी नखशिखांत भिजले, भाभींची चूल भिजली, आकडा काही मिळाला नाही. भाभी मदतीला धावल्या, म्हणाल्या, वो तो अकेलेच लगाते थे, किसीकू हात नै लगाने देते थे. मी त्यांच्या दारात ओल्या साडीने बसून बराच वेळ त्या गेजकडे बघत होते. हे दोघींचं काम आहे गं, एकीचं नाहीच. तू एकटी कशी लावत होतीस?